सुभेदारकाका, पंप चांगलाच होता

ती. सुभेदारकाकांना,
सा. न. वि. वि.

पैसे काढले तर तुम्ही हात जोडलेत आणि 'चहा झाला की' म्हणालात. मग आता हे पत्र तरी घ्या. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण जुनी मारुती जिप्सी सांभाळणारी इंदुरात मी काही एकटी नाही. माझ्यासारखाच टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ओढणारा नवा पंप विकत घेऊन बसलेलं आणखी कोणी असेल, तर त्याने तो खोक्यातून काढण्याआधी हे वाचावं.

मे महिन्यातल्या त्या दुपारी आम्ही ओंकारेश्वरहून परत येत होतो. मागे आई आणि मावशी. भेरूघाट अर्धा चढलो आणि गाडीने आचके दिले, मान टाकली. दहा मिनिटं थांबलं की चालू, दोन वळणं गेली की पुन्हा तेच. मी सेल्फ मारमारून बॅटरीचाही जीव घेत होते. तेवढ्यात तुम्ही स्कूटर बाजूला लावलीत. आधी सेल्फ बंद करायला लावलात, मग एअर क्लीनरचं झाकण उघडून कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा, लिव्हर बोटाने ओढलात आणि आत वाकून बघितलंत. "धार येत नाही. कोरडा आहे," एवढंच म्हणालात.

गाडी बाबांची. १९९७ ची जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली. इंजेक्शनचं मॉडेल त्यानंतर २००० साली आलं. बाबा गेल्यावर ती विकायची नाही एवढं मी ठरवलं होतं, पण सांभाळायची कशी ते कळत नव्हतं. आधीच्या तीन महिन्यांत एका मेकॅनिकने प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटरला नवं किट टाकलं. शेवटी निकाल दिला, 'मॅडम, पंप गया'. मी नवा पंप आणलाही. तुमच्याकडे महूला रविवारी आले तेव्हा तो डिकीतच होता. तुम्ही खोकं हातात घेतलंत, वजन केल्यासारखं खालीवर केलंत आणि म्हणालात, "राहू दे. आधी जुन्याचा गुन्हा सिद्ध होऊ द्या."

फौजेच्या वर्कशॉपमध्ये जिप्स्यांवरच हात काळे केलेला माणूस काय करतो, ते त्या दिवशी पाहिलं. पाना हातात घेण्याआधी तुम्ही तीन गोष्टी बघितल्यात, तिन्ही फुकटच्या. टाकीचं झाकण उघडताना फुस्स आवाज येतो का, म्हणजे झाकणाची हवा कोंडली आहे का. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येतो का. पंपाच्या पोटाशी जे बारीक भोक असतं तिथे ओल आहे का. आतला पडदा फाटला तर पेट्रोल त्या भोकातून ठिबकतं, नाहीतर इंजिन ऑइलमध्ये उतरतं, हे मला माहीतच नव्हतं. यातलं काहीच निघालं नाही.

मग वाळूची बादली शेजारी आली, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर निघाली आणि पंपाचा बाहेरचा पाइप बाटलीत गेला. मी सेल्फ मारला. प्रत्येक ठोक्याला पिचकारी! आत येणारा पाइप काढून तुम्ही म्हणालात, "ताई, इथे अंगठा लावा." जळू चिकटावी तसा अंगठा ओढला गेला. इंजिनचा फिरता दांडा, कॅमशाफ्ट, पडदा फक्त मागे खेचतो, पेट्रोल पुढे ढकलते ती स्प्रिंग, म्हणून दाब स्प्रिंग ठरवते, कार्बोरेटरला तो चौरस सेंटीमीटरला पाव किलोच्या आसपास पुरतो, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते मी, काका, पण दाब असा अंगठ्याला कधी कळला नव्हता.

पुढची युक्ती तर मी वर्गातही सांगितली. पेट्रोलचा छोटा कॅन जमिनीवर, पंपाच्या बराच खाली ठेवून पंपाला थेट तोच पाजलात. पंधरा मिनिटं, रेस वाढवूनसुद्धा, इंजिन एकदाही अडखळलं नाही. मग पुन्हा टाकीची लाइन जोडलीत, पण पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी घालून. आणि त्या नळीत बुडबुडे! सोड्याच्या बाटलीत यावेत तसे, एकामागे एक.

दोष शेवटी टाकीजवळ सापडला. टाकी आणि लोखंडी पाइप यांच्यामधला बोटभर रबरी तुकडा क्लिपखाली तडकला होता. "पण खाली कधी थेंबही पडला नाही," मी म्हटलं. तुमचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय: "पंपाच्या अलीकडचा पाइप गळत नाही ताई, तो हवा पितो." सपाटीवर भागत होतं. घाटात गाडीचं नाक वर, मागची टाकी खाली, त्यात इंजिनची भूकही जास्त. मग पंप पेट्रोल कमी आणि हवाच जास्त ओढायचा. मी कायम पाव टाकीवर गाडी चालवते याबद्दल बोलणीही खाल्ली. ती रास्त होती.

सगळेच रबरी पाइप तुम्ही बदलायला लावलेत, आणि इथेनॉल सोसणारे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, तडकतं. फिल्टरही नवा घातला. सगळा खर्च मिळून माझ्या त्या पंपाच्या पाव किमतीतही बसला नाही. मेकॅनिकचा राग आता येत नाही. त्याने लबाडी केली असं मला वाटत नाही, त्याने फक्त मागे वाकून बघितलं नाही.

तेव्हापासून भेरूघाट चार वेळा चढले, एकदा तर पावसात, चौघांना घेऊन. मांडवगडालाही जाऊन आले. महिन्यातून एकदा ऑइलच्या पट्टीचा वास घेते, आई म्हणते ही काय नवीन पूजा. तडकलेला तुकडा डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. नवा पंप अजून खोक्यातच आहे; तुमच्या माहितीत कोणाला खरंच हवा असेल तर कळवा.

अनंत चतुर्दशीला काकूंना घेऊन या. आधी आमच्याकडे जेवण, मग रात्री झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला जाऊ. तुम्हाला घ्यायला महूला मीच येईन, जिप्सी घेऊन, आणि टाकी अर्ध्याच्या वर असेल.

आपली,
भेरूघाटातली ताई