शांततेचे मोल काढताना उत्पन्नाचा गुणांक दाखवा

महोदय,

स्वच्छ हवा, शांतता, मोकळे मैदान यांचे मोल पैशांत काढूच नये, असा सूर अधूनमधून लागतो. तो समजण्यासारखा असला तरी तोट्याचा आहे. ज्या गोष्टीपुढे आकडा नसतो, ती प्रकल्पाच्या हिशेबात शून्य धरली जाते. वाद व्हायला हवा तो आकडा काढण्याच्या रीतीवर.

रूढ रीत थेट विचारण्याची: हे टिकावे म्हणून किती पैसे मोजाल? अलास्कातल्या ‘एक्सॉन व्हाल्डिझ’ या जहाजाच्या तेलगळतीनंतर (१९८९) ती इतकी वादात सापडली की ॲरो आणि सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या समितीने १९९३ मध्ये तिला शिस्त घालून दिली. रक्कम उत्तर देणाऱ्यावर सोडू नये, ठरावीक रकमेवर मत द्यायला सांगावे आणि त्याआधी त्याच्या इतर खर्चाची आठवण करून द्यावी. त्याच सुमारास झालेल्या एका पाहणीत पक्षी वाचवण्यासाठी काय द्याल, असे विचारले होते. एका गटाला २,००० पक्षी सांगितले, दुसऱ्याला २०,०००, तिसऱ्याला २,००,०००. सरासरी रकमा आल्या ८०, ७८ आणि ८८ डॉलर! शिवाय रिकाम्या खिशाचे उत्तर लहान येते आणि कागदावर ते ‘गरज कमी’ असे वाचले जाते.

दुसऱ्या रीतीत किंमत विचारतच नाहीत. ‘एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?’ एवढेच ० ते १० च्या मापावर विचारतात, तेही गोंगाटाचा विषय निघण्याआधी. नाहीतर चीड त्या गुणात उतरते. मग उत्पन्न, वय, आरोग्य, नोकरी आणि घराजवळ मोजलेला आवाज यांच्याशी ते गुण एका समीकरणात ताडून पाहतात. गोंगाटाने घटलेले समाधान किती जादा उत्पन्नाने भरून निघेल, ती रक्कम म्हणजे शांततेचे मोल. ॲमस्टरडॅमच्या स्किपॉल विमानतळाच्या गोंगाटाचा अभ्यास (२००५) याच वाटेने झाला.

मात्र इथली मेख उत्पन्नाच्या गुणांकात, म्हणजे उत्पन्न वाढले की समाधान किती वाढते हे सांगणाऱ्या आकड्यात आहे. समजा, गोंगाटाने समाधान ०.१ ने घटते आणि उत्पन्नाच्या लॉगचा (नैसर्गिक लॉगॅरिदमचा; त्यात वाढ रुपयांत नव्हे, तर पटीत मोजली जाते) गुणांक ०.५ आहे. भरपाईला उत्पन्न सुमारे २२ टक्के वाढायला हवे. गुणांक ०.२५ धरला, की तीच भरपाई ४९ टक्क्यांवर जाते. आणि साध्या समीकरणात हा गुणांक बहुधा कमीच येतो: जास्त कमावणारे जास्त तास राबतात, लांबचा प्रवास करतात, शेजाऱ्याच्या कमाईशी तुलना करतात, उत्पन्नाची नोंदही लोक अंदाजाने देतात. परिणामी शांततेचे मोल अवाच्या सवा फुगते आणि विरोधकांना आयते हसे करता येते. लॉटरीसारख्या अचानक आलेल्या पैशाचा परिणाम वेगळा काढून हा गुणांक सुधारता येतो.

दुसरी चूक बेरजेची. गोंगाटाच्या भागात घरे स्वस्त असतात, म्हणजे भरपाईचा काही भाग रहिवाशांना आधीच मिळालेला असतो. समाधानाच्या गुणांत दिसतो तो उरलेला तोटा. घरांच्या किमतीतला फरक त्यात मिळवायचा की नाही, हे समीकरणात घरखर्च धरला आहे का, यावर ठरते. तो न पाहता बेरीज केली, की तोच तोटा दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो.

असे आकडे जाहीर करणाऱ्यांनी उत्पन्नाचा गुणांक, तो काढण्याची रीत आणि प्रश्नावलीतला प्रश्नांचा क्रम सोबत छापावा. त्याला अर्धे पान पुरते.

आपला,
सर्वेक्षण-पद्धतींचा एक अभ्यासक