चार्जिंग संपले की गाडी हलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला आता फार दिवस उरले नाहीत. महामार्गाचे खड्डे, टोलमाफीचे पास, जादा गाड्या यांच्या बातम्या सुरू होतील. त्यांच्यासोबत इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनवरच्या रांगांचाही विचार व्हावा, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी ७८ वर्षांच्या आईला घेऊन मी मुंबईहून गुहागरला येत होते. महाडच्या अलीकडे जिथे थांबायचे ठरवले होते ते स्टेशन बंद निघाले. कशेडीचा बोगदा, परशुराम घाट करत चिपळूणजवळच्या एका हॉटेलच्या आवारात पोहोचले तेव्हा बॅटरी ११ टक्क्यांवर आली होती. तेवढ्यावर गुहागर गाठणे शक्य नव्हते. मशीनला दोन गन, म्हणजे गाडीला जोडायच्या चार्जिंगच्या नळ्या. एकीवरची गाडी ४१ टक्क्यांवर होती. दुसरीच्या पडद्यावर १०० टक्के आणि खाली ‘चार्जिंग पूर्ण’. गाडीत कोणी नाही, काचेवर फोन नंबरही नाही.

मी हॉटेलात जाऊन दोनदा गाडीचा नंबर पुकारला, पण गर्दीत कोणी ओ दिली नाही. बाहेर पाऊस लागलेला. गावाला गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची होती, मूर्तिकारांचे दोन फोन येऊन गेले. आईचे गुडघे आखडले होते, पण ती काही बोलत नव्हती. माझ्या मागे आणखी दोन गाड्या लागल्या. त्यातला एक मुलगा म्हणाला, “मावशी, लाल बटण दाबू का?” मी नको म्हटले. ते बटण आणीबाणीसाठी असते. ते दाबले तर शेजारच्याचे चालू चार्जिंगही बंद पडायचे, आणि काही मशीन मग कंपनीने पुन्हा सुरू केल्याशिवाय उठतच नाहीत. शिवाय त्याने आमची गन काही मोकळी झाली नसती. गन गाडीच्या सॉकेटात कुलूपबंद होते आणि बहुतेक गाड्यांत मालकाने गाडी अनलॉक केल्याशिवाय ती सुटत नाही.

एक तास वीस मिनिटांनी ते गृहस्थ आले. चिडलेले नव्हते, उद्धटही नव्हते. “ताई, चार्जिंगचे पैसे भरलेत मी. जेवण होईपर्यंत राहू दे म्हटलं,” एवढेच म्हणाले. मला सगळ्यात जास्त लागले ते हेच. आपण कोणाची वाट अडवली आहे, हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

आमच्याकडे धोपावे-दाभोळ फेरीबोट आहे. बोट धक्क्याला लागली, फळी खाली पडली की गाड्या लगेच बाहेर पडतात. तिकीट काढले आहे म्हणून कोणी गाडी फळीवर उभी करून चहाला जात नाही, कारण पलीकडे माणसे ताटकळत असतात हे समोर दिसते. पेट्रोल पंपावरही तसेच. तिथे काम पाच मिनिटांचे असते आणि नळी हातात घेतलेला माणूस ‘पुढे घ्या’ म्हणायला उभा असतो. चार्जिंग स्टेशनवर असा माणूस नाही. त्याच्या जागी नियम हवा आणि नियमाला पैशाची धार हवी.

त्या धारेचे नाव आयडल फी, म्हणजे चार्जिंग संपल्यावर गन अडवून ठेवल्याचा मिनिटावर लागणारा आकार. टेस्ला कंपनीने आपल्या स्टेशनांवर तो डिसेंबर २०१६ मध्ये सुरू केला. त्यांची पद्धत मला न्याय्य वाटते. चार्जिंग संपल्यावर ५ मिनिटांत गाडी हलवली तर काही नाही. स्टेशन निम्म्याहून अधिक रिकामे असेल तरी काही नाही. सगळ्या जागा भरलेल्या असतील तर दर दुप्पट. म्हणजे कोणाचा तरी खोळंबा होत असेल तेव्हाच पैसे लागतात. आपल्याकडे काही अ‍ॅपमध्ये अशी अट लिहिलेली दिसते, पण महामार्गावर ती कसोशीने पाळली जाते असा माझा अनुभव नाही. एक कारण मला स्पष्ट दिसते. बरीच स्टेशने हॉटेलांच्या आवारात आहेत, आणि गिऱ्हाईक निवांत बसले तर हॉटेलवाल्यांना ते हवेच असते. त्यांचाही धंदा आहे, मी समजू शकते. पण गर्दीच्या दिवसांत गल्ल्यावरच्या माणसाने दर अर्ध्या तासाने गाड्यांचे नंबर पुकारले, तर जेवणारेही जेवतील आणि रांगही सरकेल.

आता १०० टक्क्यांबद्दल. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की तिच्या रक्षणासाठी गाडीच वीज कमी घेऊ लागते. माझ्या गाडीला १० ते ८० टक्क्यांसाठी जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच वरच्या २० साठी जातो. मागे कोणी नसेल तर खुशाल १०० करा. रांग असेल तर ८० ला गन सोडावी, पुढचा मुक्काम फारच लांब असेल तर गोष्ट वेगळी. काही गाड्यांत एलएफपी प्रकारची बॅटरी असते आणि कंपनी अधूनमधून ती पूर्ण चार्ज करायला सांगते, हे खरे आहे. पण ते काम घरच्या पॉइंटवर रात्री करता येते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी महामार्गावर ते कशाला?

पेट्रोल-डिझेलच्या गाड्या चार्जिंगच्या जागेत लावणाऱ्यांना काय सांगावे! तिथे सावली असते म्हणून लावतात. आणि गन वापरून झाली की जागेवर अडकवत जा हो. मी ती तांबड्या चिखलात पडलेली पाहिली आहे, आतल्या पिनांपर्यंत माती गेलेली. दुसऱ्या दिवशी ती गन बंद होती.

हा आकार लावताना गाडीवाल्यावरही अन्याय होता कामा नये. आपल्याकडे घाटात आणि खाड्यांच्या कडेला रेंज जाते, पावसात वीज जाते. चार्जिंग संपल्याचा संदेश फोनवर पोहोचलाच नाही आणि मिनिटे मात्र मोजली गेली, असे होऊ नये. गन अडकली, मशीन बंद पडले, तर आकार बंद. माझ्या मते पाचऐवजी दहा मिनिटांची सूट द्यावी. म्हाताऱ्या माणसाला हात धरून गाडीपर्यंत आणायला तेवढी लागतातच. त्यानंतर मात्र कोणाची गय नको, माझीही नको.

महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी, असे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. ती होईल तेव्हा होईल. आहेत त्या गन मोकळ्या ठेवायला नवी मशीन, नवी जागा, नवी वीज काहीच लागत नाही. पनवेलपासून सावंतवाडीपर्यंतच्या स्टेशनचालकांना आणि तिन्ही जिल्ह्यांच्या परिवहन कार्यालयांना माझी विनंती आहे की गणपतीआधी एवढे करावे. आयडल फीचा दर, सुटीची मिनिटे आणि मदतीचा फोन नंबर मराठीत फलकावर लिहून तो मशीनच्या डोक्यावर लावावा, पावसात भिजत रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत.

आपली,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)