बटण बिघडले म्हणून संगणक निर्लेखित करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, ग्रामपंचायती आणि सार्वजनिक ग्रंथालये यांच्या अडगळीच्या खोल्यांत बंद पडलेले डेस्कटॉप संगणक धूळ खात पडून असतात आणि यथावकाश जडवस्तू संग्रह नोंदवहीत लाल शाईने शेरा मारून त्यांचे निर्लेखन केले जाते, म्हणजे ते निरुपयोगी ठरवून नोंदीतून काढले जातात. त्यांतील काहींचा दोष एवढाच असतो की, चालू करण्याचे बटण आत रुतून बसलेले असते, त्याची स्प्रिंग गेलेली असते किंवा त्याची वायर निसटलेली असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून काम केल्यामुळे आणि निवृत्तीनंतर आसपासच्या संस्थांचे संगणक पाहत असल्यामुळे मी हे ठामपणे लिहीत आहे.

मूळ गैरसमज असा आहे की, या बटणातून विजेचा मुख्य प्रवाह जातो आणि म्हणून बटण गेले की यंत्रच गेले. फार जुन्या संगणकांत खरोखरच २३० व्होल्टची वायर पुढच्या बटणापर्यंत आणलेली असे. मात्र इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स या संगणकाच्या अंतर्गत रचनेत हे बदलले. आता पाठीमागचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, प्लग लावल्यापासूनच मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट-पाटीला) ५ व्होल्टचा राखीव पुरवठा देत राहतो. बटण दाबले की मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, मदरबोर्ड तो इशारा ओळखतो आणि एसएमपीएसला पूर्ण पुरवठा सुरू करायला सांगतो. म्हणजे बटणाचे काम दोन पिना क्षणभर जोडण्यापुरतेच आहे, आणि ते काम दुसरे कोणतेही साधे बटण करू शकते.

बटण रुतून बसते तेव्हा होणारी फसगत मात्र नीट समजून घ्यायला हवी. एटीएक्स संगणकात बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले की यंत्र सक्तीने बंद होते. त्यामुळे बटण आतच अडकले असेल, तर संगणक सुरू होतो, पंखा फिरतो, पडद्यावर काही उमटते न उमटते तोच सगळे बंद पडते. आमच्या तालुक्यातील एका ग्रंथालयात असाच संगणक होता. तो पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले, खर्चाचा आकडा ऐकून कार्यकारिणीने विषय सोडून दिला आणि वाचकांची नोंदणी पुन्हा हाताने सुरू झाली. प्रत्यक्षात बटणाची जोडणी मदरबोर्डवरून उपटून, त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवताच संगणक सुरू झाला आणि सुरूच राहिला. ही चाचणी दोन मिनिटांची आहे. ती केल्याशिवाय मदरबोर्डवर दोष ठेवणे मला व्यवसायाच्या दृष्टीने गैर वाटते.

चाचणी करताना पथ्ये पाळायलाच हवीत. कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग काढावा, आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी, आणि मदरबोर्डवर छापलेली खूण किंवा त्याची पुस्तिका पाहून पॉवर स्विचच्या पिना नेमक्या कोणत्या याची खात्री करूनच प्लग पुन्हा लावावा. शेजारच्या यूएसबीच्या पिना चुकून जोडल्या गेल्या तर चांगला बोर्ड जळू शकतो. एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही हौसेने उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतदाब साठून राहतो. पिना जोडूनही काहीच हालचाल झाली नाही, तर आधी एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालू आहे ना हे पाहावे, आणि त्यानंतरच दोष बटणाखेरीज दुसरीकडे शोधावा.

बटणच सदोष ठरले, तर सर्वांत सोपा उपाय बहुतेक कॅबिनेटांत आधीपासूनच बसवलेला असतो. रीसेटचे बटण त्याच जातीचे असते आणि त्याची दोन पिनांची जोडणीही तशीच असते. ती काढून पॉवरच्या पिनांवर बसवली की रीसेटचे बटण दाबून संगणक सुरू करता येतो. ती उलटी बसली तरी बिघडत नाही, कारण स्विचला धन-ऋण नसते. रीसेटची सोय जाते, पण रोजच्या वापरात तिच्यावाचून अडत नाही. कॅबिनेटला रीसेटचे बटणच नसेल, तर वायरसह तयार मिळणारे बटण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अल्प किमतीत मिळते.

आणखी एक उपाय सुचवला जातो, तो म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज आली की संगणक आपोआप सुरू व्हावा' अशी सोय चालू करून भिंतीवरच्या बटणानेच संगणक सुरू करणे. तात्पुरती नड भागवायला हे ठीक आहे. परंतु ग्रामीण भागात, जेथे भारनियमनामुळे वीज दिवसातून अनेकदा येते-जाते, तेथे कायमचा उपाय म्हणून मी त्याला विरोध करीन. यूपीएस नसेल तर प्रत्येक वेळी अर्धवट सुरू होऊन बंद पडणाऱ्या संगणकातील हार्ड डिस्कवरचा मजकूर धोक्यात येतो. शिवाय भिंतीवरून सुरू करणारा माणूस हळूहळू भिंतीवरूनच बंदही करू लागतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बॅटरी उतरली, तर ही नोंद पुसली जाऊन संगणक पुन्हा मुका होण्याची शक्यता असते, ते वेगळेच.

काही तयार संगणकांत हे बटण पुढच्या आवरणाशी जोडलेल्या पट्टीवर असते आणि त्याची जोडणी त्या कंपनीपुरतीच असते, ही खरी अडचण आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स हे क्षेत्र समाविष्ट केले. मग शासकीय खरेदीच्या निविदेतच, बटण व त्याची जोडणी सुटी मिळावी आणि पिनांचा आराखडा कॅबिनेटच्या आत चिकटवलेला असावा, अशी अट का घालू नये? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. चालू शकणारे यंत्र कचऱ्यात जाऊ न देणे हे त्या नियमांच्या हेतूला धरूनच होईल.

माझी शिक्षण विभाग, ग्रंथालय संचालनालय आणि जिल्हा परिषदांना विनंती आहे की, संगणकाच्या निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत बटणाची जोडणी काढून, थेट पिनांवरून तो सुरू करून पाहिल्याचा सहीनिशी दाखला सक्तीचा करावा. तपासणीसाठी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील प्रशिक्षणार्थींना निदेशकांच्या देखरेखीखाली पाठवता येईल. त्यांना प्रत्यक्ष कामाचा सराव मिळेल आणि संस्थांना येण्याजाण्याच्या खर्चापलीकडे फारसा भार पडणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सांगली