मात्सुयामाच्या आजींस

तीर्थस्वरूप आजींस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पुण्याला पोचल्यावर इंग्रजीत चार ओळींचं कार्ड पाठवलं होतं, ते मिळालं असेल. त्यात आभार होते, पण मनातलं काही उतरलं नव्हतं. ते मला मराठीतच लिहिता येतं. फोनवर भाषांतर करून वाचून दाखवीन, असं तुमच्या नातीने कळवलंय, म्हणून मोकळेपणाने लिहितेय. आणि हे पत्र सगळ्यांसमोर ठेवतेय, कारण आमच्याकडची पुष्कळ माणसं हल्ली जपानला जातात, टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा बघून परततात. शिकोकू बेटावरचं तुमचं शहर त्यांच्या कार्यक्रमात नसतं. आमच्याही कार्यक्रमात ते एका रात्रीपुरतंच होतं.

हिरोशिमाहून बोटीने सेतोचा समुद्र ओलांडायचा, तुमच्या शहरातल्या दोगोच्या गरम झऱ्याच्या पाण्यात एक अंघोळ करायची आणि सकाळच्या गाडीने ओकायामामार्गे ओसाका गाठायचं, एवढाच बेत. बाबांना गाडीतून समुद्रावरचा तो लांबलचक पूल बघायचा होता, म्हणून हा वळसा घेतला होता. मग वादळ आलं. बोटी बंद, गाड्या बंद. वादळ बाजूने निघून गेलं, मागे नुसता पाऊस उरला.

त्या पावसात दोगोच्या ट्राम थांब्यावर तुम्ही आम्हाला पाहिलंत. हिरोशिमातल्या चालण्याने बाबांचा उजवा गुडघा सुजला होता आणि मी फोनवर दवाखाना शोधत होते. तुम्ही आधी छत्री बाबांच्या डोक्यावर धरलीत आणि मग विचारलंत, "पाय दुखतोय का?" शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाचं ते सावकाश, नेमकं इंग्रजी. पंच्याऐंशीच्या पुढचं वय तुमचं, बाबा तुमच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी हाताला धरून तुम्हीच त्यांना समोरच्या होजोएन चौकात नेलंत. तिथे सगळ्यांसाठी मोफत असलेलं पाय शेकायचं कुंड आहे. बाबांची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तुम्ही त्यांना काठावर बसवलंत, स्वतःही मोजे काढून शेजारी बसलात, आणि एका पांढऱ्या बगळ्याची गोष्ट सांगायला लागलात. पाय दुखावलेला बगळा रोज येऊन खडकातून निघणाऱ्या पाण्यात पाय बुडवायचा, बरा होऊन उडून गेला, आणि माणसांना या झऱ्याचा गुण कळला. त्या बगळ्याच्या पावलांचे ठसे उमटलेत असं म्हणतात तो दगडही त्याच चौकात आहे. तुम्ही तो दाखवलात तेव्हा बाबा इतके मनापासून हसले, की आई गेल्यापासून त्यांचं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं.

दवाखान्यातही तुम्ही सोबत आलात. डॉक्टरांशी बोलून, औषधं कधी घ्यायची ते मोठ्या अक्षरांत लिहून दिलंत. तो कागद बाबांच्या पाकिटात आहे.

दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या. सकाळी हॉटेलात फोन करून तुम्ही म्हणालात, "आता जाता येईल तुम्हाला." बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ओसाकाचं हॉटेल रद्द केलं. मला वाटतं, शहरावर जीव जडला तो त्या क्षणी. पुढच्या दिवसांत फक्त त्याची कारणं कळत गेली.

एक कारण ट्राम. बाबा मुंबईत परळला वाढले. १९६४च्या मार्चअखेर मुंबईची ट्राम बंद झाली तेव्हा ते शाळकरी होते. दादर टी. टी. (ट्राम टर्मिनस) या नावात ट्राम उरली, रस्त्यावर उरली नाही. तुमच्या शहरात ती नारिंगी रंगात, घंटा वाजवत, किल्ल्याच्या डोंगराला वळसा घालत अजून फिरते. ओतेमाचीला ट्रामचे रूळ उपनगरी गाडीच्या रुळांना काटकोनात छेदतात. फाटक पडतं, मोटारींबरोबर ट्रामही थांबते आणि आगगाडी समोरून निघून जाते. ते बघायला बाबा किती वेळ उभे राहिले! दर खेपेला रुळांचा खडखडाट ऐकून ते तुमच्याकडे वळायचे आणि तुम्ही मान डोलवायचात. तुम्हाला घाई नव्हती. माझ्या माहितीत इतका वेळ दुसऱ्याला देणारी माणसं फार नाहीत.

दोगोच्या मुख्य स्नानगृहाबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते मी इथे भेटेल त्याला सांगते. तीन मजली लाकडी इमारत, १८९४ साली बांधलेली. गावाचे पुढारी इसानिवा युकिया यांनी ती उभारायला घेतली तेव्हा एवढा खर्च कशाला म्हणून लोकांचा कडवा विरोध झाला. त्यांना पुढच्या शंभर वर्षांचं दिसत होतं. आज सगळं गाव त्या इमारतीवर उभं आहे. २०१९ साली मोठी दुरुस्ती सुरू झाली, २०२४च्या जुलैत सगळी इमारत पुन्हा खुली झाली, आणि तेवढ्या वर्षांत एक भाग झाकून दुसऱ्या भागात अंघोळी चालूच ठेवल्या. आमच्याकडे जुन्या वास्तूला कुलूप लावून तिचं जतन करायची सवय आहे. वज्रेश्वरीच्या कुंडांवर लहानपणी गेलेल्या बाबांना यातलं सगळ्यात काय आवडलं, तर रोजच्या अंघोळीला टॉवेल खांद्यावर टाकून येणारी गावातली म्हातारी माणसं. सकाळी सहाला वरच्या मनोऱ्यातला ढोल वाजतो, तेव्हा ती दारात हजर असतात.

पण आजी, मला जास्त लिहायचंय ते रशियन सैनिकांच्या दफनभूमीबद्दल.

कुठलीही पर्यटन कंपनी आम्हाला तिथे नेणार नव्हती. किल्ल्याच्या उत्तरेला, घरांच्या मधून चढत जाणाऱ्या रस्त्यावर, ९८ थडगी ओळीने. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात हजारो रशियन कैदी मात्सुयामात आणले गेले. पुष्कळांना शहरात फिरायची मोकळीक होती, ते दोगोला अंघोळीला येत. जखमांनी आणि आजारांनी जे इथेच गेले त्यांना इथेच पुरलं, आणि थडग्यांची तोंडं उत्तरेला, त्यांच्या देशाच्या दिशेला केली. तेव्हापासून शहराने ती जागा सांभाळली आहे. शाळेतली मुलं दर महिन्याला येऊन झाडलोट करतात, फुलं बदलतात. तुम्ही म्हणालात, "मीही माझ्या वर्गाला घेऊन यायचे." मग तुम्ही नळावरून बादली भरलीत, खराटा माझ्या हातात दिलात, आणि आम्ही एक ओळ झाडून काढली. बाबा गुडघ्यामुळे कट्ट्यावर बसून ओले फडके पिळून देत होते.

शत्रूची थडगी. शंभराहून जास्त वर्षं. तेरा-चौदा वर्षांची मुलं.

मी तुम्हाला विचारलं, मुलांना तुम्ही काय सांगायचात? तुम्ही म्हणालात, काही नाही, फक्त दगडावरचं नाव मोठ्याने वाचायला लावायचे. आणि मग, खराटा ठेवता ठेवता, तुम्ही १९४५च्या जुलैमधली ती रात्र सांगितलीत. २६ तारखेला विमानं आली आणि निम्म्याहून जास्त शहर जळालं. आईच्या पाठीवरून तुम्हाला दिसलेलं लाल आभाळ. सकाळी डोंगरावर किल्ल्याचा बुरूज तसाच उभा होता, आणि त्याच्या खाली ओळखीचं काही नव्हतं. तुम्ही एवढंच बोललात. त्याच्या आदल्याच आठवड्यात आम्ही समुद्राच्या पलीकडे हिरोशिमात, काचेआडच्या वस्तूंसमोर उभे होतो. तिथे मी रडले होते. इथे रडू आलं नाही. हातात काम होतं. ते काम देण्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

ज्या दिवशी आपण इशिते-जीला गेलो त्या दिवशी एकादशी होती. शिकोकूच्या ८८ मंदिरांच्या यात्रेतलं ते ५१वं. सगळी वाट साधारण बाराशे किलोमीटरची, बेटाला पूर्ण फेरी मारणारी. पांढऱ्या कपड्यांतले, गवती टोपी घातलेले, काठी टेकत येणारे यात्रेकरू दिसले आणि बाबा थबकले. आळंदी ते पंढरपूर वारी त्यांनी नोकरीत असल्यापासून केली, गुडघा जाईपर्यंत. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. दारातल्या १३१८ सालच्या लाकडी कमानीखाली तुम्ही एमोन साबुरोची कथा सांगितलीत: दारात आलेल्या भिक्षूला हाकलून देणारा, त्याचं भिक्षापात्र फोडणारा श्रीमंत माणूस. त्याची मुलं एकामागून एक गेली. तो भिक्षू म्हणजे ज्यांच्या नावाने ही यात्रा चालते ते बौद्ध संत कोबो दाइशी होते हे कळल्यावर तो त्यांच्या मागे बेटाभोवती वीस फेऱ्या फिरला, आणि एकविसावी उलट्या दिशेने चालला तेव्हा भेट झाली, तीही मरताना. मग त्याच्या नावाचा दगड मुठीत घट्ट धरून जन्मलेलं बाळ. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "ताई, आमच्याकडे असता तर याच्यावर कीर्तन झालं असतं." मी त्याचं भाषांतर केलं, तर तुम्ही कीर्तन म्हणजे काय ते विचारलंत, आणि बाबांनी तिथेच, धुपाच्या वासात, दोन ओव्या म्हटल्या. जवळ उभा असलेला एक यात्रेकरू टोपी काढून ऐकत होता.

यात्रेकरूला वाटेवरची माणसं काहीतरी देतात, फळ, चहा, पाणी, कधी रात्रीचा निवारा, आणि त्याने ते नाकारायचं नसतं. त्याला तिथे ओसेत्ताई म्हणतात. बाबांचा उपास आहे हे मी आदल्या दिवशी बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही पिशवीतून हिरवट सालीची, हंगामातली पहिली संत्री काढलीत आणि दोन्ही हातांनी बाबांपुढे धरलीत. बाबा म्हणाले, मी कुठे यात्रेकरू? तुम्ही म्हणालात, "पाय दुखत असूनही चालताय, म्हणजे आहातच." वारीत चहा, केळी, चप्पल शिवून देणारे हात त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेत. त्यांनी संत्री कपाळाला लावली आणि मग सोलली.

जेवणाचं थोडक्यात लिहिते, पण जपानला निघालेल्या शाकाहारी माणसासाठी ते महत्त्वाचं आहे. तिथे भाजीच्या रश्शातही सुकवलेल्या माशाचं पाणी असतं, मांस नाही एवढं सांगून भागत नाही. तुम्ही ओळखीच्या उदोनच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवलंत, आणि त्यांनी कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या शिताके अळंब्या रात्रभर भिजवून आमच्यासाठी वेगळा रस्सा केला. बाबांनी वाडगा तोंडाला लावून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

आणि हायकूच्या, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या जपानी कवितांच्या, पेट्या. हायकू लिहिणारे कवी मासाओका शिकी १८६७ साली याच शहरात जन्मले, क्षयाने अंथरुणाला खिळले तरी लिहीत राहिले आणि १९०२ साली, पस्तिशीही पुरी व्हायच्या आत, टोकियोत गेले. त्यांच्या गावाने त्यांचं स्मारक संग्रहालयात ठेवून विषय संपवला नाही. किल्ल्यावर, देवळात, ट्राममध्येही पेट्या लावल्या आहेत. कागद आत असतो, कुणीही लिहून टाकावं, ठरावीक महिन्यांनी पेट्या उघडून निवडक हायकू छापले जातात. दर ऑगस्टला देशभरातले शाळकरी संघ हायकूच्या स्पर्धेसाठी इथे जमतात. आमच्याकडे शिरीष पैंनी हायकू रुजवला, बाबांनी तरुणपणी ते वाचले होते, पण स्वतः कधी ओळ लिहिली नव्हती. तुम्ही पेन्सिल पुढे केलीत. म्हणालात, जे पाहिलंत तेच लिहा, विचार नको. त्यांनी लिहिलेलं मी तुम्हाला वाचून दाखवलं, तर तुमचा प्रश्न, "यात ऋतू कुठे आहे?" हायकूत ऋतूची खूण लागते. बाबांनी तिसरी ओळ खोडली आणि बदलली:

ट्राम निघून गेली.
ऊन पाण्यात पाय —
परतीचा पाऊस.

मराठीतला हायकू तिथे कोण वाचणार, असं मी म्हणणार होते. तुम्ही कागदाची घडी घालून बाबांच्या हातात दिलीत आणि पेटीची फट दाखवलीत. त्यानंतर बाबा रोज एक लिहितात. आई गेल्यावर ज्यांनी वर्तमानपत्रही उघडायचं सोडलं होतं, ते आता सकाळी गॅलरीत वही घेऊन बसतात आणि आज काय दिसलं ते मला फोन करून सांगतात. आजी, तुम्ही आम्हाला शहर दाखवलंत असं लोकांना मी सांगते. माझे वडील मला परत मिळाले, हे फक्त घरच्यांना ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला.

शेवटी एक विनंती. ८८ मंदिरांपैकी ४६ ते ५३ ही आठ तुमच्या मात्सुयामा शहराच्या हद्दीत आहेत, असं तुम्हीच सांगितलं होतंत. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. डॉक्टर म्हणतात, एप्रिलपर्यंत ते बेताचं चालू लागतील. ती आठ मंदिरं, रोज एक, जमेल तेवढं पायी आणि उरलेलं ट्रामने-बसने, असा त्यांचा बेत आहे, आणि "ताई असतील तरच" अशी अट आहे. तेव्हा एप्रिलमधल्या कुठल्या तारखा तुमच्या तब्येतीला सोयीच्या आहेत ते नातीकडून कळवा. येताना पुरणाच्या पोळ्या आणते. त्यात मासा नाही, याची खात्री मी देते.

तब्येतीची काळजी घ्या. बाबांचा तुम्हाला नमस्कार.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
तुमची पुण्याची लेक