पेटी नव्हे, चोच सुधारा

महोदय,

हाताने ढकलायच्या मका टोकणयंत्रावरील आपल्या अंकातील लेखात बियाण्याची पेटी मोठी करण्याची सूचना आहे, ती पटली नाही. पेटी भरायला फारसा वेळ लागत नाही. खोळंबा होतो तो चोचीत अडकलेल्या मातीमुळे. चाकाच्या कडेवर बसवलेली प्रत्येक चोच जमिनीत शिरून उघडते आणि बी सोडते. तिला मिटवणारी स्प्रिंग सैल असेल तर बाहेर पडताना ती पुरती मिटत नाही, फटीत ओली माती बसते, पुढचे बी आतच अडकते आणि ओळीत नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, पडतात. त्यात पेटीचे वजन वाढले तर भुसभुशीत जमिनीत चाक रुतून बी ५ सेंटिमीटरपेक्षा खोल जाईल.

आधी स्प्रिंग ताठ हवी. मग चाकामागे माती खरवडणारी पट्टी, तिला चोच निसटेल एवढी खाच ठेवून. दोन बियांमधील अंतराचा हिशेबही लेखात चोचींच्या टोकांवरून केला आहे. पण जमिनीवर फिरते ती चाकाची धाव, म्हणजे बाहेरची कड. ५७ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे १८० सेंटिमीटर, म्हणजे ९ चोचींना २० सेंटिमीटर अंतर मिळते.

– एक कृषी अवजार अभियंता