हेडसेट आधी कुणाच्या डोक्यावर?

कोथरूड, पुणे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

चाकणच्या प्रकल्पातले व्हर्च्युअल रिव्ह्यू, म्हणजे भाग बनवण्याआधी त्यांचं संगणकावरचं मॉडेल हेडसेट घालून तपासायच्या बैठका, आता तू चालवणार. सॉफ्टवेअर तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्यामुळे त्याबद्दल काही सांगत नाही. त्या खोलीत माणसांचं काय होतं, तेवढं लिहिते.

हेडसेट ज्याच्या डोक्यावर, त्याचीच नजर भिंतीवरच्या पडद्यावर दिसते. तो मान वळवेल तिकडे बाकी दहा जणांनी बघायचं. प्रमुखानं तो आधी घातला की साहेबांनी जे पाहिलं नाही, ते कुणीच पाहत नाही. पुण्यात मत नसलेला माणूस सापडत नाही, पण वरिष्ठ 'छान बसलंय' म्हणाले की सगळी मतं चहाच्या टपरीपर्यंत दाबून ठेवली जातात. म्हणून पहिली पाळी लाइनवर तो भाग बसवणाऱ्याची, दुसरी सर्व्हिसच्या मेकॅनिकची, मग डिझाइनरची. तू शेवटी. आणि उंची बदलून बघायला लाव. सहा फुटी इंजिनिअरचा हात सहज पोचतो तो बोल्ट पाच फुटी मुलीला दिसतसुद्धा नाही.

एकाला सलग वीस मिनिटांवर ठेवू नकोस. हेडसेटमधलं चित्र सेकंदाला साधारण 90 वेळा बदलावं लागतं. मॉडेल जड असलं की ते अडखळतं आणि पोटात ढवळतं. मळमळणारा माणूस वाद घालत नाही, 'ठीक आहे' म्हणून सुटका करून घेतो. यावर उपाय म्हणून मॉडेल हलकं करतात, तेव्हा बारीक भाग गळतात: क्लिपा, नट, वॉशर. काय काय गाळलं त्याची यादी आधीच माग.

पडद्यावरचा प्रत्येक भाग अगदी नेमक्या मापाचा असतो, भोसरीच्या शॉपमधून येणारा तसा नसतो. एका ओळीत पाच ब्रॅकेट, प्रत्येकाच्या मापात ±0.5 मिमी चूक चालते. सगळ्यांची चूक एकाच बाजूला गेली तर 2.5 मिमी, वर्गांची बेरीज करून मूळ काढलं तर सुमारे 1.1 मिमी. पडद्यावर 3 मिमी फट दिसली म्हणून खूश होणाऱ्याला हा हिशेब विचार. हार्नेस (वायरींचे जुडगे) आणि होज (रबरी नळ्या) हेही तिथे हवेत ठेवल्यासारखे ताठ दिसतात; इंजिन माउंटवर हलतं तेव्हा त्यांना किती ढील लागेल, ते स्थिर मॉडेल सांगत नाही. पान्याचंही तसंच. बारा खाचांच्या रिंग पान्याला एका झटक्यात निदान 30 अंश फिरायला जागा हवी. नुसता हात आत गेला म्हणजे बोल्ट आवळला गेला असं नाही.

मॉडेलमध्ये कुठला भाग कुठल्या भागात घुसतो याची यादी, म्हणजे क्लॅश रिपोर्ट, त्यात हजारो ओळी येतील. बऱ्याच खोट्या: नटात घुसलेले बोल्टचे आटे, न दबलेलं रबरी सील बॉडीत शिरलेलं. त्या 'दुर्लक्ष' यादीत जातात, आणि घाईत एखादा खरा क्लॅशही तिथेच ढकलला जातो. प्रत्येक नोंदीपुढे कारण आणि नाव असल्याशिवाय ती यादी मान्य करू नकोस.

बोइंग 777 ची रचना पूर्णपणे संगणकावर, कॅटिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये झाली. विमान 1994 मध्ये उडालं, आणि रचनेच्या चर्चेत विमान कंपन्यांची माणसंही बसवली होती. एअरबस ए380 लाही कॅटियाच होतं, पण हॅम्बुर्गमध्ये जुनी आवृत्ती आणि तुलूझमध्ये नवी. त्या विमानात सुमारे 530 किमी वायर. हॅम्बुर्गहून आलेले हार्नेस तुलूझच्या विमानात बसेनात, आणि 2006 मध्ये द्यायचं पहिलं विमान ऑक्टोबर 2007 मध्ये ग्राहकाला मिळालं. सॉफ्टवेअर बदलायला पैसा लागतो हे खरं, पण 'आपल्या दोघांची आवृत्ती एक नाही' हे वर जाऊन ठासून सांगायला तेवढा लागत नाही. तू मात्र प्रत्येक रिव्ह्यूच्या दोन दिवस आधी मॉडेल गोठव, म्हणजे मग त्यात बदल नाही, आणि पडद्याच्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर ठेव. नंबर जुळला नाही तर बैठक रद्द, मग समोर कोणीही बसलेलं असो.

जर्मनीची मंडळी कॉलवर असतील तर 'काही शंका?' असं विचारू नकोस, दोन्हीकडे शांतता पसरते. प्रत्येकाकडून आदल्या दिवशी तीन शंका लेखी घे आणि नाव न सांगता वाच. एखादी तुझ्याच निर्णयावर आली तर ती पहिली घे, आणि सफाई देऊ नकोस. मिनिट्समध्ये प्रत्येक मुद्द्यापुढे एकच नाव आणि एकच तारीख; 'डिझाइन टीम' हे नाव नव्हे.

एक बारीक गोष्ट. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात. आपला दुपारी दीडचा कॉल त्यांच्या सकाळी दहाला असतो, तो नऊला येईल. निमंत्रण आधीच बदल.

शनिवारी येणार असशील तर चारच्या आत निघ, नाशिक फाट्यावर नंतर अडकशील.

तुझी आई