सावली बांधली, आता म्हातारबा हलेनात

चँडलर, ॲरिझोना
जूनअखेर

प्रिय बाळ्या,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलोय. फोनवर तू मधेच "वेल्डिंग कुणी केलं?" विचारणार, मग आपण रॉडच्या नंबरावर अर्धा तास घालवणार आणि मूळ गोष्ट राहूनच जाणार. वेल्डिंग मी केलं. झालं समाधान? आता ऐक.

तब्येत ठीक. शुगर ताब्यात, गुडघा आहे तसाच. हिचंही बरं चाललंय.

इथल्याच क्वार्टझसाइट गावचे म्हातारबा तुला आठवत असणारच. त्यांच्या टेबलावर मला आपल्या वाघोलीचा कॅव्हान्साइट दिसला होता आणि मी तिथूनच तुला फोटो पाठवला होता. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला तो निळा दगड, पुण्याच्या खाणीतला, कोलोरॅडो नदीच्या अलीकडे भर वाळवंटात ताडपत्रीखाली मांडलेला! तेव्हापासूनची आमची ओळख. हिवाळ्यात त्या गावात दगडवाल्यांची मोठी जत्रा भरते, देशभरातून माणसं राहायचे ट्रेलर गाडीमागे ओढत येतात आणि आजूबाजूच्या सरकारी माळरानावर महिनोन् महिने मुक्काम ठोकतात. एप्रिल आला की सगळे उत्तरेला निघून जातात. मागे राहतात ते ज्यांना जायला जागा नाही किंवा गाडीत घालायला पैसे नाहीत ते. म्हातारबांची मुलगी ओरेगनला आहे. ते दर उन्हाळ्यात तिच्याकडे जायचे. आता ट्रेलर ओढणारी त्यांची गाडी गेली, एका डोळ्याने कमी दिसतं. "या वर्षी इथंच राहतो," असं त्यांनी मला जानेवारीतच सांगून टाकलं होतं.

तिथे जुलैत ४६-४७ डिग्री ही नेहमीची गोष्ट आहे. ट्रेलरच्या भिंती म्हणजे दोन इंचांचा सांगाडा, आत थोडं फोम, छपरावर रबरी चादर. तूच हिशोब कर: छप्पर साधारण २४ चौरस मीटर, दुपारचं ऊन मीटरला हजार वॅट, म्हणजे डोक्यावर चोवीस किलोवॅटचा मारा. पांढऱ्या छपराने निम्म्याहून जास्त परतवला असं धरलं तरी आठ-दहा किलोवॅट आत शोषले जातात. वर बसवलेल्या एसीची ताकद १५,००० बीटीयू, म्हणजे साडेचार किलोवॅटही नाही. तो बिचारा अखंड चालतो आणि हरतो. मार्चअखेरीसच त्यांच्या छपरावर मी इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ५८ दाखवत होता. तेव्हाच ठरवलं की यांच्या डोक्यावर पत्रा घालायचा, तोही ट्रेलरला न टेकणारा, स्वतःच्या पायावर उभा असलेला.

गावात त्यांचा स्वतःचा जमिनीचा तुकडा आहे, त्यामुळे कायमचं बांधकाम करता आलं. नकाशा काढला, परवाना घेतला. २० फूट बाय ४० फूट, दहा खांब, चार इंची चौकोनी पाइप. खालच्या बाजूला पंधरा फूट उंची, वरच्या बाजूला सतरा. ट्रेलर एसीसकट साडेबारा फुटांचा आहे. मधे अडीच फूट मोकळे ठेवलेच पाहिजेत, नाहीतर एसीने बाहेर फेकलेली गरम हवा पत्र्याखाली कोंडते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. लांबी पूर्व-पश्चिम धरली, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला फक्त आखूड बाजू सापडते. पश्चिमेच्या तोंडाला वरून सहा फूट जाळी सोडली आहे, नर्सरीवाले वापरतात तसली पण जाड विणीची. पत्रा २६ गेजचा, वरून पांढरा.

खड्डे काढताना मात्र कस लागला. इथे फूटभर मातीखाली कलीची नावाचा थर असतो. चुन्याने माती-खडी घट्ट बांधली जाऊन झालेला दगडच तो. पहार मारली की ठिणगी उडते. भाड्याने ब्रेकर आणला. पण त्याच थराचा फायदाही करून घेतला: थर फोडून खाली गेलो आणि तळाशी खड्डा रुंद केला. आता काँक्रीटचा बुंधा वर यायला निघाला तर कलीचीच त्याला अडवते. हे वाचून तू मान हलवलीस, मला इथून दिसली.

काम पहाटे. इथे घड्याळं पुढे करायची पद्धत नाही, त्यामुळे मे-जूनमध्ये सव्वापाचलाच उजाडतं. नऊनंतर पाइपला हात लावता येत नाही. पाना उन्हात राहिला की हातमोज्यातूनही चटका बसतो. हत्यारं ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, ही सांगलीवाडीची सवय इथे कामाला आली. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, गॅल्व्हनाइज्ड मिळाल्या. त्यांच्या टोकांचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने घासला आणि धूर नाकात जाऊ नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून टाके मारले. तुझ्या अप्पांचा नियम. त्यांनी मला पहिल्यांदा होल्डर हातात दिला तेव्हा हेच सांगितलं होतं, आणि तू मागे उभा राहून हसत होतास कारण माझा रॉड सारखा चिकटत होता.

आणि हो, स्क्रू. मी पन्हळीत मारले. ओरडू नकोस. आपल्याकडे हुक बोल्ट पन्हळीच्या माथ्यावर मारतात, पाणी वाहतं त्या जागी भोक नको म्हणून, आणि तू त्यावरून जाड्याशी कसा भांडला होतास ते मला अजून आठवतं. पण इथल्या पत्र्याला सपाट भागात, पर्लिनला पत्रा घट्ट टेकतो तिथेच स्क्रू मारायचा, खाली रबरी वॉशर. माथ्यावर मारला तर वाऱ्याने पत्रा हलून भोक मोठं होतं. आणि क्वार्टझसाइटला पाऊस असा तो किती? वर्षाला चार-पाच इंच. इथे पत्रा गळण्यापेक्षा उडण्याची भीती मोठी. तरी मला माहीत आहे, तुला हे पटणार नाही आणि जाड्यालाही नाही.

वाऱ्याबद्दल मात्र तुझं मत खरंच हवंय. जुलैत इथे वादळं येतात. ढगातून हवा एकदम खाली आदळते आणि चहूकडे पसरते, धुळीची भिंत उठते. ताशी शंभर मैलांचा वारा धरून मी चौरस फुटाला अठरा पौंड वर उचलणारा दाब धरला. ८०० चौरस फुटांना सहा टनांच्या वर होतो. छप्पर आणि सांगाडा मिळून दीड टन. खांबागणिक बुंधा दोन फूट व्यासाचा, तीन फूट खोल, म्हणजे साधारण ६४० किलो. दहांचे ६.४ टन, कलीचीची पकड वेगळी. जमतंय. पण खाली ट्रेलर उभा आहे ना. मोकळ्या छपराखालून वारा निघून जातो. ट्रेलरने वाट अडवली की तो खाली तुंबतो आणि छपराला वर ढकलतो. त्यात पश्चिमेची जाळी. जाळी दोरीने अशी बांधली आहे की जोर वाढला तर दोरी आधी तुटावी. दोन्ही टोकांच्या गाळ्यांत फुलीचे गज घातलेत. नकाशा सोबत जोडतोय. कोपऱ्यातल्या खांबांची बेस प्लेट आणि बोल्ट तेवढे तपास. बाकीचं मला पाठ आहे, कोपऱ्यांवर जोर सर्वांत जास्त येतो.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही.

पत्रा चढला आणि फरक लगेच दिसला. ट्रेलरच्या छपराचं तापमान हवेच्या आसपास आलं. पूर्वी दुपारी एसी लावून आत ३४च्या खाली उतरायचं नाही, ते २८वर आलं. संध्याकाळी पत्रा गार होताना कडकड वाजतो, म्हातारबांना तो आवाज आवडतो. खुर्ची टाकून खाली बसतात, दगड घासतात. आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? जानेवारीत ते नाही म्हणाले होते तरी मुलीने जूनच्या मध्याचं विमानाचं तिकीट काढलं होतं, ते रद्द करायला लावलं. एवढी सावली झाल्यावर आता कशाला जायचं, म्हणाले. तिचा मला फोन आला. चिडली नव्हती, उलट आभार मानत होती, आणि तेच मला जास्त लागलं. पंधरा जूनपर्यंत ते निघतील हे धरून मी सगळं बांधलं होतं. मागे राहिलेला ट्रेलर तापू नये, ऑक्टोबरमध्ये परत आल्यावर छपराची चादर फाटलेली आणि टायर तडकलेले मिळू नयेत, आणि मे महिना सुसह्य व्हावा, एवढाच माझा बेत. जुलैत तिथे राहण्यासाठी ते छप्पर नाहीच.

सावली ऊन अडवते रे, हवा नाही अडवत. बाहेर ४७ आणि अंगात ३७, तर सावलीत बसलेल्या माणसालाही हवाच तापवते, पंखा लावला तर आणखी. सगळा भरवसा एसीवर, आणि एसीचा विजेवर. परवा दुपारी वीज गेली. तासाभरात आत ४२. ते बाहेर येऊन ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले आणि मला फोनवर खुशीत सांगत होते की बघ, तुझं छप्पर नसतं तर मेलो असतो. मी त्यांना डेझर्ट कूलर आणि एक बॅटरी बसवून दिली आहे. जूनच्या कोरड्या हवेत कूलर मस्त चालतो, पण जुलैत दमट वारे आले की नुसता ओला वारा फेकतो. ज्या महिन्यात वादळाने वीज जायची, त्याच महिन्यात कूलर निकामी.

फिनिक्सच्या काउंटीत २०२३ साली उष्म्याने ६४५ माणसं गेली. त्या वर्षी फिनिक्सला सलग ३१ दिवस रोज पारा ४३च्या पुढे होता. उघड्यावर गेलेली पुष्कळ, पण घरात, एसी असून तो बंद पडलेला, अशीही कितीतरी. त्यात एकटे राहणारे म्हातारे. मी तो अहवाल वाचून ठेवला आहे आणि म्हातारबांनाही वाचून दाखवला. ते म्हणाले, हाय जॉली इथे काय एसी लावून राहायचा? हा हाय जॉली म्हणजे हाजी अली. अमेरिकन सैन्याने १८५६ साली उंट आणले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला सारवान, म्हणजे उंट हाकणारा, १९०२ साली क्वार्टझसाइटलाच वारला. थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे, टोकावर उंट. त्याच्या नावाने हे मला गप्प करतात. काय बोलणार?

आता तुला कळलं असेल मला कोण आठवतंय.

२००५च्या पुरानंतर तू वर्कशॉपवर माळा घातलास. लेथ सोडून सगळं वर चढेल असा, आयबीमवर. चांगलाच बांधला होतास, मी स्वतः येऊन पाहिला होता. आणि २०१९ला पाणी चढायला लागलं तेव्हा अप्पा त्याच माळ्यावर स्टोव्ह, तांदूळ आणि रेडिओ घेऊन जाऊन बसले. "पोराने बांधलाय तो कशासाठी?" बोटी येऊन गेल्या, शेजारी गेले, काकू गेल्या. ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा तर ते बोटीत पाऊल टाकायला तयारच होईनात. मी इथून रात्रभर तुला फोन करत होतो आणि आपण किती भांडलो! मी म्हणत होतो उचलून आण, तू म्हणत होतास अप्पांना उचलणारा अजून जन्मायचाय. आणि मग दुसऱ्या दिवशी ते आले. पाणी माळ्यापर्यंत पोचलं नव्हतं, कुणी जबरदस्तीही केली नव्हती, आपण होऊन शिडी उतरून बोटीत बसले.

तू त्यांना काय बोललास, बाळ्या? तू कधी सांगितलं नाहीस. अप्पांच्या तेराव्याला मी विचारलं तर "असंच" म्हणून पानं वाढायला निघून गेलास. मी परत विचारलं नाही. तो तुमचा बापलेकांचा मामला होता आणि एरवी मी त्यात पडलोही नसतो. पण मला आता त्याची गरज आहे. आकडे सांगून झाले, मुलीला रडवून झालं, आमच्या घरी खोली रिकामी आहे हेही सांगून झालं. हिने तर स्वतः फोन करून पिठलं-भाकरीचं आमिष दाखवलं, ते त्यांना फार आवडतं. "ऑक्टोबरात येतो," म्हणाले.

पत्रा उतरवून टाकू का, असंही मनात येऊन गेलं. पण मग ते उघड्या ट्रेलरमध्येच राहतील, हे मला पक्कं माहीत आहे.

बाकी तुझं काय चाललंय? वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं का? धाकटीचं ठरलं असं जाड्याकडून कळलं, तूही कळव की लेका. तारीख डिसेंबरात असेल तर आम्ही दोघं नक्की येतो. काकूंना नमस्कार सांग. कोयनेचं पाणी या वर्षी कसं सोडतायत, धास्ती आहे का?

नकाशा आठवडाभरात बघितलास तरी चालेल. दुसरी गोष्ट मात्र आजच लिही. व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकल्यास तरी पुरे, पण अप्पांना जे बोललास तेच शब्द लिही, त्याच क्रमाने. मी शनिवारी पहाटे क्वार्टझसाइटला जातोय.

तुझा,
पम्या